ओल्डवीरचं पुढचं दार

१

आखातात, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात, टायरवाल्यांच्या मागच्या गल्लीत, एक लांबट शेड आहे. बाहेरून पाहाल तर गोदाम. आत मात्र गावंच्या गावं वसतात आणि दोन-तीन महिन्यांत ट्रकमध्ये बसून निघूनही जातात. बिल्डर लोक लॉबीत काचेखाली जी इमारतींची मॉडेलं मांडतात, ती इथे बनतात. रत्नागिरीकडचा मुनीर पारकर इथे घरं बांधायचा. तरुणपणी आला तेव्हा नुसता फोम कापायचा. आता चाळिशी ओलांडल्यावर शेडमधलं सगळ्यात नाजूक काम त्याच्याकडे येई. हात बारीक आणि तोंड बंद, मालकाला आणखी काय हवं!

मॉडेल पुरं झालं की शेवटी माणसं लावायची. करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची पांढरी माणसं पाकिटातून येतात. ती रंगवायची, तळव्याला गोंदाचा थेंब लावायचा आणि उभी करायची. या कामात शेडमध्ये एक जुना रिवाज होता, कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कारागिराने प्रत्येक मॉडेलात आपली माणसं लावायची. गावाकडची आई, बायको, पोरं. व्हिसा नाही मिळत तर नाही, व्हिला तरी मिळू दे! समुद्रात भर घालून बांधलेल्या कोट्यवधींच्या बंगल्यांच्या दारात पेण, रत्नागिरी आणि आझमगढ हसत उभं होतं, आणि बंगलेवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मुनीरची माणसं तीन. निळ्या शर्टातला तो, हिरव्या ओढणीची नौशीन आणि लाल फ्रॉकची इनाया. मॉडेलातलं सगळ्यात देखणं घर निवडायचं आणि त्याच्या पुढच्या दारात, पायरीवर, फोटोला उभं राहावं तसं तिघांना उभं करायचं. गेल्या वर्षी त्याने बायको-मुलीला खरोखरच इथे आणलं. पाच मिनिटांवर भाड्याचा फ्लॅट, इनाया दुसरीत. आता तिघांना प्लॅस्टिकच्या घरात राहायची गरज उरली नव्हती. पण हाताला लागलेली सवय अशी सुटत नाही.

"मुनीरभाई, आता तरी आपल्या फॅमिलीचं भाडं वाचवा की," परेश त्याला चिडवायचा. परेश पेणचा, घरचा धंदा गणपती रंगवायचा. इथे तो भिंती, झाडं आणि आकाशं रंगवत होता.

"राहू दे रे. बरकत असते," मुनीर म्हणायचा.

२

फेब्रुवारीत एक वेगळंच काम आलं. दूध-लोण्याच्या एका डच कंपनीला सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या नव्या ऑफिसात एक गाव हवं होतं. टॉवर नको, मॉल नको. हॉलंडमधलं ओल्डवीर नावाचं शेतकऱ्यांचं जुनं गाव. कंपनीचे निवृत्त साहेब, हार्मेन, त्या गावात जन्मलेले. म्हातारा दर आठवड्याला शेडमध्ये यायचा, स्टुलावर बसायचा आणि आपलं गाव सांगायचा.

तिथली जमीन समुद्राहून खाली. बांध घालायची अक्कल यायच्या कितीतरी आधी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेणमाती टाकून एक उंचवटा घातला, आणि पाणी चढलं की गुरांसकट त्यावर जाऊन बसायचे. उंचवट्यावर चर्च. त्याचा घंटेचा मनोरा चर्चला न चिकटता चार पावलं सुटा, कारण जमीन इतकी मऊ की दोघांचं ओझं एका जागी सोसत नाही. चर्चच्या भिंतीत एक दगड, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणारा; माणूस त्याखाली उभा राहिला तर दगड डोक्याच्या वर राहतो. मग पाती गळालेली पवनचक्की आणि लोणी काढायच्या जुन्या कारखान्याची विटांची चिमणी. मुनीरला हे सगळं ओळखीचं वाटलं. त्याचं गाव खाडीकाठचं. बांध फुटला की खारं पाणी शेतात कसं शिरतं ते त्याने लहानपणी पाहिलं होतं.

हार्मेनसाहेबांचं स्वतःचं घर गावाच्या टोकाला होतं. जमिनीला टेकेल इतकं मोठं छप्पर, त्याखाली मागे गोठा, पुढे माणसं. पुढच्या भिंतीत गडद हिरवं, दोन फळ्यांचं दार, वर पांढरं नक्षीकाम. मुनीरने ते घर आतून भरीव फोमचं केलं आणि दार अ‍ॅक्रिलिकच्या एका अखंड तुकड्यातून कापलं. दोन फळ्यांमधली फट म्हणून नुसती सुईने रेघ ओढली. काम इतकं सुरेख झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. एवढं देखणं दार त्याने आजवर केलं नव्हतं. त्याने तिघांना त्याच दाराच्या पायरीवर लावलं, तोंडं रस्त्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड काढलं तर मुनीर आणि नौशीन जागच्या जागी होते. इनायाची मात्र पाठ रस्त्याकडे होती. ती दाराकडे तोंड करून उभी होती.

"परेश, हात लावू नकोस रे माझ्या पोरीला," मुनीर हसत म्हणाला.

"मी कशाला लावतोय? मी तर काल चिमणीतच अडकलो होतो," परेश म्हणाला. त्याच्या बोटांना अजून विटांचा रंग होता.

आपणच घाईत उलटी लावली असेल, असं मुनीरने मनाशी ठरवलं. कापायच्या पात्याच्या टोकाने तिला सोडवलं. गोंद सुटताना बारीकसा आवाज होतो, टिक असा. पायरीवर गोंदाचे दोन पांढरे ठिपके राहिले. त्याने त्याच ठिपक्यांवर तिला फिरवून लावलं.

३

हार्मेनसाहेब आले तेव्हा आधी खूश झाले. मनोऱ्याला हात लावला, दगडाखाली बोट धरून पाहिलं. मग आपल्या घरापाशी आले आणि वाकले.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माय फॅमिली, सर," मुनीर लाजत म्हणाला आणि रिवाज सांगितला. म्हातारा मनापासून हसला. हसताहसता त्याची नजर दारावर गेली आणि हसू तिथेच थांबलं.

"इथे नको," तो म्हणाला. "मागे लाव. गोठ्याच्या दारात. आमच्याकडे सगळे मागूनच येतात-जातात. पाहुणा असो, पाद्री असो, मागून."

"मग हे दार?"

"हे वापरत नाहीत. वर्षानुवर्षं बंद असतं, पुढ्यात फुलांच्या कुंड्या. नवरी पहिल्यांदा घरात येते ती या दाराने. आणि माणूस शेवटचा जातो तो या दाराने. बाकी कोणी नाही." एवढं तो अगदी साधेपणाने, गावातली रीत सांगावी तसं बोलला. "मी ते एकदाच उघडलेलं पाहिलंय. मी पाच वर्षांचा होतो. पेटी लहानच होती. एका फळीतून सहज गेली असती. तरी दोन्ही फळ्या उघडल्या होत्या."

कोणाची पेटी, हे विचारायचं मुनीरला धाडस झालं नाही. त्याने साहेबांच्या देखतच तिघांना सोडवलं आणि घराच्या मागे, गाईंच्या शेजारी लावलं. प्लॅस्टिक आहे रे, तो स्वतःला म्हणाला. तू स्वतः रंगवलंयस.

४

संध्याकाळी घरी गेला तेव्हा इनाया दाराशीच होती. धावत आली नाही. मुनीरने चावीने दार उघडलं तर ती उंबऱ्याआत, त्याच्या अगदी समोर उभी, इतकी जवळ की दार तिच्या नाकाला लागलं असतं.

त्यांच्या फ्लॅटचं दार इथल्या पुष्कळ जुन्या बिल्डिंगांत असतं तसं होतं. एक रुंद फळी रोज उघडायची, आणि तिला लागून एक अरुंद फळी, कायमची बंद. कपाट किंवा फ्रिज आत घ्यायचा तेव्हाच ती उघडायची. मुनीर राहायला आला त्याच्या आधीच मालकाने सरसकट रंग मारला होता आणि तिची वरची खिट्टी रंगातच बुडवून टाकली होती. कपाटसुद्धा मुनीरला सुटं करून आत आणावं लागलं होतं.

"काय गं, इथे काय करतेस?"

"समवन इज वायपिंग हिज फीट, अब्बा," इनाया म्हणाली.

मुनीरने मागे वळून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा होता, ट्यूबलाइटचा उजेड आणि शेजाऱ्यांच्या चपला. बाहेर पायपुसणं नव्हतंच. पण दार लावून घेतलं आणि त्यालाही ऐकू आलं. जाड तळव्याचं काहीतरी जमिनीवर घासत होतं. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. चिखलातून आलेला माणूस घरात शिरण्याआधी पाय पुसतो, अगदी तसं.

"वरच्या मजल्यावर फर्निचर सरकवतायत," नौशीन किचनमधून म्हणाली. "दुपारपासून चाललंय. आणि ही बघा ना, शाळेतून आल्यापासून तिथेच उभी. जेवायलाही उभ्याने मागते."

"दुपारपासून?"

"तर काय! मी म्हटलं ये, टीव्ही बघ, तर म्हणते, दॅट डोअर इज नॉट फॉर अस. आम्ही मागून जायचं, म्हणे. मागे गाई आहेत. तुम्हीच काहीतरी सांगितलं असेल कारखान्यातलं."

मुनीरने काहीच सांगितलं नव्हतं. पण त्याने मान हलवली, हो, सांगितलं असेल. असं मानलं म्हणजे बरं होतं. गाईंच्या गोष्टी मी घरी बोललो असेन, पोरीने ऐकलं असेल, पोरं काहीही धरून बसतात. एकेक गोष्ट जागेवर बसत होती. एकच बसत नव्हती. दाराखालून, कॉरिडॉरमधल्या सेंट्रल एसीच्या कोरड्या हवेबरोबर, ओल्या गवताचा आणि शेणाचा वास येत होता. तो त्याच्या खाडीकाठच्या गावचा नव्हता. कुठल्यातरी गार मुलखाचा होता.

त्याने इनायाचा हात धरला आणि तिला दारापासून ओढून आत नेलं. तिचा हात गरम होता. ताप नव्हता, गरम होता फक्त, जिवंत पोरीचा असतो तसा. त्याला एवढं हायसं वाटलं की तो तिच्या शेजारी बसून राहिला आणि चहा गार होऊन गेला.

५

मॉडेल जायचा दिवस आला. सकाळी ट्रक शेडच्या तोंडाशी लागला. मुनीर आधी ओल्डवीरच्या टोकाच्या घरामागे गेला. गोठ्यापाशी दोनच माणसं होती, निळा शर्ट आणि हिरवी ओढणी. मध्ये गोंदाचे दोन ठिपके.

लाल फ्रॉक त्याला पुढे सापडला. पायरीच्या वर, दाराला इतका टेकून की चेहरा हिरव्या रंगात रुतल्यासारखा वाटत होता.

आणि रेघ. त्याने सुईने ओढलेली रेघ आता रेघ नव्हती, ती फट होती. आत काळोख होता. मुनीरने भिंग डोळ्यावर ओढलं. मग कापायचं पातं घेऊन हलक्या हाताने फटीत घातलं. मागे भरीव फोम होता, पातं लगेच अडायला हवं होतं. ते गेलं. मुठीपर्यंत गेलं. आणि आतून ते कोणीतरी हळूच ढकलून परत दिलं.

ओढून नाही, त्याने ओढलं नव्हतं. पातं आपणहून बाहेर आलं आणि त्यावर पाणी होतं.

"परेश!"

परेश आला, त्याने पाहिलं. "अ‍ॅक्रिलिक आखडलंय. एसी कोणी चालू सोडला होता काल? पुट्टी मारा, मी टचअप करतो. यल्ला, चला, ड्रायव्हर बोंबलतोय."

"पातं बघ. ओलं आहे."

"घाम आहे तुमचा, मुनीरभाई. बघा जरा स्वतःकडे."

खरंच, मुनीर घामाने निथळत होता. त्याने आणखी काही बोलायचं टाळलं. वेड्यात काढतील याची भीती नव्हती. परेशने 'हो' म्हटलं तर काय, याची होती. त्याने लाल फ्रॉकच्या पायाखाली पातं घातलं. टिक. तिला मुठीत घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं. फटीत पुट्टी दाबून भरली, इतकी की बोट दुखलं. परेशने हिरवा रंग फिरवला. दार पुन्हा एकसंध दिसू लागलं.

"खलास," परेश म्हणाला. चौघांनी मिळून गाव उचललं आणि ट्रकमध्ये ठेवलं.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मुनीरच्या छातीवरचा दगड उतरला. त्या संध्याकाळी तो घरी गाणं गुणगुणत गेला. लाल फ्रॉकची बाहुली नौशीनच्या सुईदोऱ्याच्या डब्यात, रिळांच्या खाली, सुखरूप ठेवली. इनाया टीव्हीसमोर लोळत होती. पाय घासण्याचा आवाज नव्हता. नौशीनने मासे तळले, आणि मुनीर बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

६

सकाळी शाळेची गडबड चालू असताना फोन वाजला. हार्मेनसाहेब. नव्या ऑफिसच्या हॉलमध्ये मॉडेल मांडलं होतं, त्यावर काचही बसली होती. म्हातारा लवकर उठून एकटाच बघायला गेला होता.

"फार सुंदर काम आहे," तो म्हणाला. "पण मी सांगितलं होतं तुला. तू त्यांना परत पुढे का लावलंस?"

"नाही सर, मागे आहेत. गोठ्यात."

"आणि दार उघडं का ठेवलंस?"

साहेबांनी फोटो पाठवला. काचेवर हॉलचे दिवे चमकत होते, तरी दिसायचं ते दिसलं. हिरव्या दाराच्या दोन्ही फळ्या बाहेरच्या बाजूला सताड उघड्या होत्या. एका बाजूला निळा शर्ट आणि दुसऱ्या बाजूला हिरवी ओढणी, आतून काही येत असलं की माणसं सरकून वाट देतात तशी. दोघांच्या मानाही खाली होत्या. पाकिटातून येणाऱ्या माणसांच्या माना सरळ असतात. मधली वाट मोकळी होती. लाल फ्रॉक कुठेच नव्हता.

नसेलच, तो आपल्याकडे आहे, मुनीर पुटपुटला. त्याने सुईदोऱ्याचा डबा ओढला आणि रिळं पलंगावर उपडी केली. सुया, बटणं, लेस. बाहुली नव्हती. तळाशी ओल्या काळ्या मातीचं एक ढेकूळ होतं आणि त्यात गवताची एक हिरवी काडी.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तिथून सोडवून तिला घरी आणलं खरं. पण कुठल्या दाराने आणलं? या घराला मागचं दार नव्हतंच. इथे सगळे एकाच दाराने यायचे आणि एकाच दाराने जायचे.

"इनाया!" तो ओरडला. "इनाया कुठाय?"

"ओरडताय कशाला? तयार होऊन उभी आहे ती," नौशीन किचनमधून म्हणाली. डबा भरताना चमच्याचा आवाज येत होता.

इनाया दाराशी होती. पाठीवर दप्तर, दोन वेण्या, पांढरे मोजे. दाराकडे तोंड. तिने वळून पाहिलं नाही. खाली रस्त्यावर शाळेच्या बसने हॉर्न दिला.

बाहेर पाय घासण्याचा आवाज आला. एकाचा नाही. पुष्कळ जणांचा, एकापाठोपाठ एक, शिस्तीत. मग सगळे थांबले आणि खूप लांबून, जणू चर्चपासून चार पावलं सुट्या उभ्या मनोऱ्यातून, घंटेचा एक टोला पडला.

मुनीर धावला. त्याने दाराच्या भिंगातून पाहिलं नाही. पाहायचं नाही, एवढं एकच त्याला कळत होतं. तरी वाकताना डोळा त्या भोकासमोरून गेला आणि क्षणभर दिसलं ते दिसलंच. कॉरिडॉर नव्हता. सपाट हिरवं होतं, खूप लांबपर्यंत, आणि अगदी जवळ काळ्या कोटांच्या पाठी. ते वाट पाहत होते. दोन-दोनच्या रांगेत, मध्ये जागा ठेवून.

त्याने इनायाच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं. ती उचलली जाईना. वजन नव्हतं तिला, जरासुद्धा नव्हतं, पण पाय जमिनीला धरून होते. त्याने जीव एकवटून ओढलं.

टिक.

ती त्याच्या छातीशी आली. खाली फरशीवर, तिचे बूट होते तिथे, गोंदाचे दोन पांढरे ठिपके होते. मुनीरने तिला घट्ट कवटाळलं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं. तिचा गाल थंड आणि गुळगुळीत लागला. तो तिच्या नावाने हाका मारत राहिला आणि कुठलीतरी दुआ अर्धी-अर्धी म्हणत राहिला.

"बोथ साइड्स, अब्बा," ती त्याच्या कानात म्हणाली. "दे नीड बोथ साइड्स."

डोक्यावर काहीतरी पडलं. वाळलेल्या रंगाचा पापुद्रा. मग दुसरा, इनायाच्या वेणीवर. मुनीरने वर पाहिलं. अरुंद फळीची वरची खिट्टी, रंगात बुडालेली, कधीच न हललेली, तडतडत, आपणहून खाली सरकत होती.

खाली बसने पुन्हा हॉर्न दिला.

"अहो," नौशीन आतून म्हणाली, "दार उघडा ना. पोरीची जायची वेळ झाली."